सर्वधर्म सभेत आपल्या धर्माबद्दल बोलायचं कसं

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतून अशा सभांचं सूत्रसंचालन मी बरीच वर्षं करतोय. गणपती-ईदच्या आधीची शांतता समिती, ईद मिलन, सद्भावना सभा, कॉलेजातला एखादा कार्यक्रम. मंचावर बहुतेक वेळा भली माणसं बसलेली असतात, तरी सभा फसते. कोणी कोणाला वाईट बोलत नाही. फसते ती दोन प्रकारांनी. एक तर वक्ता दुसऱ्याच्या धर्माचं कौतुक करायला जातो आणि नेमकं नको तेच बोलून बसतो. नाही तर ‘सगळे धर्म शेवटी एकच’ म्हणून पंधरा मिनिटं घेतो आणि स्वतःच्या धर्माबद्दल एक अक्षर सांगत नाही. लोक उठतात, चहा घेतात, घरी जातात. मौलाना नेमकं काय मानतात, महाराजांना विठोबा का लागतो, ते कोणालाच कळलेलं नसतं.

खाली जे लिहिलंय ते महाराज, मौलाना, भंतेजी, शीख ग्यानीजी, वीरशैव-लिंगायत शिवाचार्य, पास्टर, सगळ्यांसाठी सारखंच आहे. कसोटी एवढीच: समोर बसलेल्या परधर्मीय माणसाला घरी गेल्यावर तुमचं म्हणणं दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, आणि ते ऐकून तुम्ही म्हणाल, ‘हो, हेच मी बोललो.’

१. ‘येतो’ म्हणण्याआधी विचारायचं

फोन आला की तारीख मोकळी आहे का ते बघून आपण हो म्हणतो. थांबा. आणखी कोण बोलणार, मंचावर कोणता पुढारी बसणार, निवडणूक जवळ आहे का, श्रोते कोण, किती मिनिटं आणि कोणाच्या नंतर, हे आधी विचारा. विचारलं म्हणून कोणी रागावत नाही.

वेळही बघा. सूर्य मावळल्यावर मगरिबच्या नमाजाला फार अवधी नसतो, आणि हिवाळ्यात आपल्याकडे सहाच्या आसपासच दिवस बुडतो. पाचची सभा साडेपाचला सुरू होणार हे गृहीतच धरायचं. म्हणजे इमामसाहेबांचा नंबर नेमका नमाजाच्या वेळी लागतो आणि ते घड्याळाकडे बघत चार वाक्यं बोलून उतरतात. भंतेजींचं भोजन दुपारी बाराच्या आत व्हावं लागतं. भोजनानंतर सभा ठेवली आणि जेवणालाच एक वाजला तर ते उपाशी बसतात आणि कोणाला सांगतही नाहीत. तुमची जी अडचण असेल ती तुम्हीच आधी सांगा.

आणि उद्घाटन. हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. एका सभेत उत्साहाच्या भरात मी माइकवरून भंतेजींना नारळ वाढवायला बोलावलं. ते शांतपणे उठले, ताटापर्यंत आले, नारळाला हात न लावता सगळ्यांना हात जोडले आणि परत जाऊन बसले. तीनशे लोकांनी ते पाहिलं. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली ती शेवटपर्यंत थांबली नाही. चूक माझी, त्यात वाद नाही. पण तेव्हापासून मी प्रत्येक वक्त्याला आदल्या दिवशी विचारतो: दीप लावणार का, प्रतिमेला हार घालणार का, गुलाल चालेल का. तुम्हाला कोणी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. ‘मी ज्योत लावणार नाही, पण मंचावर उभा राहीन,’ एवढं पुरतं, कारण द्यायची गरज नाही. कुंडीतल्या झाडाला पाणी घालून उद्घाटन केलं तर सहसा कोणाचीच अडचण होत नाही.

> तपासा: वेळ, मिनिटं, मंचावरचे विधी, मंचावरचे पुढारी. चारही उत्तरं मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

२. विषय लहान करून घ्या

पत्रिकेवर ‘सर्वधर्मसमभाव’ किंवा ‘मानवता हाच धर्म’ असं छापलेलं असतं. त्यावर कोणालाही नवं काही बोलता येत नाही. आयोजकांना सांगा, किंवा निदान स्वतःपुरता तरी ठरवा, की विषय हातात मावेल एवढाच घ्यायचा: पाणी, उपवास, मयत झाल्यावर घरात काय करतात, पाहुणा, उधारी.

आपल्या भागात पाण्याचा विषय कधीच वाया जात नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते पाहिलेली माणसं प्रत्येक सभेत बसलेली असतात. आता बघा, याच एका विषयावर प्रत्येकाकडे केवढं आहे. वारकरी महाराजांकडे एकनाथांची काशीहून आणलेली कावड आहे, रामेश्वरासाठी आणलेली आणि वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलेली. ग्यानीजींकडे भाई कन्हैया आहेत, आनंदपूरच्या लढाईत शत्रूच्या जखमींनाही पाणी देणारे. पास्टरांकडे विहिरीवरची शोमरोनी बाई आहे, जिच्या हातचं पाणी यहुदी माणूस घेत नसे आणि येशूनं तिच्याकडंच मागितलं. भंतेजींकडे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा आहे, आणि २० मार्च १९२७ चं महाडचं चवदार तळंही आहे. जैन श्रावकाकडे पाणी गाळण्याची रीत आहे. गाळण्यात अडकलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे, त्याला ‘जिवाणी’ म्हणतात, हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

टँकरच्या दिवसांत एका मौलानांनी मंचावर स्टीलचा तांब्या मागवला. म्हणाले, पैगंबरसाहेब एक मुद्द पाण्यात वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, करत असं हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, येतं, मुद्द म्हणजे ओंजळभराचं माप. मग त्यांनी तांब्यातून ओंजळभर पाणी एका वाटीत काढून दाखवलं. तेवढ्यात हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, डोक्यावरून ओला हात, पाय, असं एकेक बोटानं मोजलं. पाणी नसेलच तर स्वच्छ मातीवर हात टेकवून तयम्मुम करायचा, तेही करून दाखवलं. शेवटी म्हणाले, ‘आमच्या मशिदीतला नळ मात्र वुजू होईपर्यंत सोडलेलाच असतो, ते काही बरोबर नाही.’ सगळी सभा हसली, सगळ्यात आधी त्यांच्याच मोहल्ल्यातली पोरं. भाषण सहा मिनिटांचं होतं. पुढं कित्येक महिने लोक त्या वाटीबद्दल बोलत होते.

३. मजकूर तीन कप्प्यांत लिहून काढा

‘आम्हाला लिहायची काय गरज, रोजच बोलतो’ हे वाक्य मी दर वेळी ऐकतो. रोज बोलता ते आपल्या माणसांत. तिथं अर्धं वाक्य बोललं तरी समोरचा पूर्ण करतो. इथं नाही करणार. म्हणून कागद घ्या आणि तीन रकाने पाडा.

पहिल्यात: आमच्या ग्रंथात काय आहे.
दुसऱ्यात: आमच्या परंपरेत ते कसं पाळतात.
तिसऱ्यात: मी स्वतः काय करतो, कुठं कमी पडतो.

वक्त्यांच्या बहुतेक चुका हे रकाने एकमेकांत मिसळल्यानं होतात. महाराज म्हणतात, ‘हिंदू धर्मात एकादशीला…’ आणि समोर महानुभाव पंथाचा माणूस बसलेला असतो, त्याची उपासना वेगळी. लातूर-नांदेडकडं लिंगायत मंडळी असतात. इष्टलिंग आणि महात्मा बसवेश्वर हा त्यांचा धागा, आणि आपल्याला कोणत्या नावानं हाक मारावी याबद्दल त्यांच्यातच एकमत नाही. तेव्हा ‘आम्ही वारकरी’ म्हणा. तेवढंच म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे आणि तेवढंच खरं असतं. मौलानांनीही ‘इस्लाम सांगतो’ म्हणण्याआधी बघावं, हे कुराणातलं आहे, हदीसमधलं आहे, की आपल्या जमातीची पद्धत आहे. दर्ग्याला जाणारे आणि न जाणारे दोघंही समोर बसलेले असतात, आणि उर्साचा विषय निघाला की त्यांच्यातलाच वाद सभेत उभा राहतो.

तिसरा रकाना लोक रिकामा ठेवतात, आणि खरं वजन त्यालाच असतं. मोठा सिद्धांत नको. ‘पहाटे उठायचा कंटाळा येतो, तरी उठतो, कारण…’ इथून सुरुवात केलीत तर ऐकणाऱ्याला तुमचा धर्म माणसासकट दिसतो. एखादी कमतरता आपल्या तोंडानं कबूल करा. मात्र एकच, कबुलीजबाबाची सभा करू नका, तुमचे लोक ओशाळतील.

लांबी: सावकाश बोललं तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात. दहा मिनिटं दिली असतील तर आठशे शब्द लिहा आणि थांबा. पाच वक्त्यांतल्या प्रत्येकानं सात-आठ मिनिटं जास्त घेतली की शेवटच्याला माइक मिळतो तेव्हा खुर्च्या आवरायला सुरुवात झालेली असते. शेवटचा वक्ता सहसा गावातला सगळ्यात लहान समाजाचा असतो, हेही मी पाहिलंय.

४. दुसऱ्यांच्या धर्माचे उल्लेख छाटा

आता लिहिलेल्या मजकुरावर लाल पेन घेऊन बसा आणि दुसऱ्या धर्माचा उल्लेख येईल तिथं खूण करा. टीका असेल तर काढायचीच, ते सांगायला नको. पण कौतुकावरही खूण करा, घोटाळा तिथंच असतो.

‘बुद्ध तर आमच्या विष्णूचा नववा अवतार!’ महाराज हे अगदी प्रेमानं बोलतात. समोर बसलेल्या बौद्ध माणसाच्या घरात १९५६ च्या २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या असतात, आणि त्यातली पाचवी प्रतिज्ञाच अशी आहे की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही. तुम्ही हात पुढं केलात असं तुम्हाला वाटतं. त्याला वाटतं, आजोबांनी सोडलेलं घर पुन्हा गळ्यात बांधताहेत.

दुसरं नांदेडकडचं. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, ही आपल्या नरसीच्या मातीची केवढी मोठी गोष्ट. पण ‘तुमच्या ग्रंथात आमचे नामदेव आहेत’ असं म्हटलं की त्याला मालकीचा वास येतो. शीखांसाठी ते भगत नामदेव आहेत, त्यांचेच आहेत, पाहुणे नाहीत. ‘नामदेवांची पदं तुमच्याकडं रोज गायली जातात, ती कशी गाता ते मला एकदा ऐकायचंय,’ असं म्हणा. बघा किती फरक पडतो.

तिसरं, ‘तुम्ही मूळचे आमचेच’. ही मुसलमानांना, ख्रिस्ती मंडळींना, जैनांना, सगळ्यांना ऐकवली जाणारी ओळ. कोणत्याही रूपात आली तरी काढा. तसंच मौलानांनी ‘ईसा आमचेही पैगंबर’ म्हणायला हरकत नाही, पण त्यापुढं ‘ख्रिस्ती लोकांनी मात्र…’ आलं की संपलं. पास्टरांनी ‘अंधारातून उजेडात’ हे शब्द चर्चसाठी ठेवावेत. इथं ऐकणारा विचारतो, अंधारात कोण?

नाथांच्या हिंदू-तुर्क संवादाचा दाखला अशा सभांत हमखास येतो. दाखला चांगला आहे, पण त्या भारुडात दोघं एकमेकांना आधी चांगले टोले देतात आणि मग गळ्यात गळा घालतात. वक्ता रंगात येऊन टोलेच म्हणतो, तेही आवाज बदलून, आणि गळाभेटीपर्यंत पोचेतो वेळ संपते. शेवटापर्यंत नेणार असाल तरच घ्या.

मग दुसऱ्याचा उल्लेख कधी करायचा? तुम्ही स्वतः, एखाद्या माणसाकडून, काही शिकला असाल तर. ‘शेजारच्या चाचांनी रोजा सोडताना आधी खजूर माझ्या पोराच्या हातात दिला’ हे चालतं. त्यात तुम्ही त्यांच्या धर्माचा अर्थ लावत नाही, तुम्ही पाहिलेलं सांगताय.

> सावध: ‘तुमचे लोक’, ‘त्यांच्यात’, ‘आमच्यात तसलं नसतं’ हे तीन शब्दप्रयोग मजकुरात कुठंही सापडले तर ते वाक्य पुन्हा लिहा.

५. परक्या कानाला ऐकवा

सभेच्या दोन-तीन दिवस आधी दुसऱ्या धर्माच्या एका माणसाला बोलवा. विद्वान नको. किराणा दुकानदार, शाळेतला सहकारी, रिक्षावाला, कोणीही. मजकूर वाचून दाखवा आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, कारण तो ‘लई भारी’ म्हणणार. विचारा, ‘मी काय सांगायलोय, ते तू मला सांग.’ तो अडखळेल तिथं तुमचे शब्द अवघड आहेत. एका महाराजांना त्यांच्या मित्रानं विचारलं होतं, ‘महाराज, सगुण म्हणजे चांगल्या गुणाचं ना?’ त्यानंतर भाषणातून सगुण-निर्गुण गेलं आणि त्या जागी विटेवर उभ्या मूर्तीपुढं आजीनं पोराला कसं उभं केलं, ते आलं.

६. मंचावर

अभिवादन एकच करा आणि ते तुमचंच असू द्या. राम कृष्ण हरी, अस्सलामु अलैकुम, जय भीम, जय जिनेंद्र, जय येशू, वाहेगुरू जी का खालसा अशी सहांची माळ लावली की एकाचा उच्चार चुकतोच आणि एक राहतोच, आणि जो राहिला तोच समाज ते लक्षात ठेवतो. आपलं अभिवादन करा, मग ‘सगळ्यांना नमस्कार’.

मूळ भाषेतली ओळ एकच, दहा सेकंदांची, आणि लगेच मराठीत अर्थ. ‘ला इकराहा फिद्दीन’, धर्मात जबरदस्ती नाही. संपलं. चार मिनिटं अरबी, पाली किंवा संस्कृत ऐकून लोक मान डोलावतात खरे, पण मनातल्या मनात उद्याच्या बाजाराची यादी करत असतात. उर्दूत बोलायची सवय असेल तर मौलानांनी दखनीत बोलावं. आपल्याकडं ती सगळ्यांना कळते आणि हसूही येतं.

लोकांकडून काही म्हणवून घेऊ नका. कीर्तनात ‘पुंडलिक वरदे’ म्हटलं की सभा ‘हरी विठ्ठल’ म्हणते, ती सवय तोंडात बसलेली असते. इथं अर्धे लोक गप्प राहतात आणि उरलेले अर्धे त्यांच्याकडं बघतात. तक्बीर असो, जयघोष असो, नियम तोच.

शहरांच्या नावांवरून वाद आहेत हे सांगायला नको. तुम्ही ‘आपलं शहर’ म्हणा. औरंगजेबाची कबर, बांधलेल्या-पाडलेल्या वास्तू, यातलं काही काढायचं नाही. मात्र १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाच्या सभेत निजामाच्या बाजूनं लढलेल्या सशस्त्र रझाकारांबद्दल बोलावंच लागतं. तेव्हा रझाकारांना रझाकारच म्हणा, त्या जागी समाजाचं नाव घेऊ नका. त्यांच्या विरोधात उर्दूत लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना २२ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादेत मारण्यात आलं, हे नाव त्या दिवशी मौलानांनीही घ्यावं आणि महाराजांनीही.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम सगळ्यांना आहे. घड्याळ समोर ठेवा.

७. प्रश्न आले की

इथं सगळ्यात जास्त पडझड होते, कारण याची तयारी कोणी करत नाही. तुम्हाला कोणते प्रश्न येणार हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. मौलानांना जिहाद, काफिर आणि बुरखा. महाराजांना जात. पास्टरांना धर्मांतर. भंतेजींना ‘तुम्ही आमच्या देवांना शिव्या का देता?’ उत्तरं आधी लिहून ठेवा, प्रत्येकी पाच-सहा वाक्यांची.

पहिली चूक म्हणजे उलट प्रश्न: ‘आणि तुमच्यात काय होतं?’ दुसरी म्हणजे झटकणं: ‘आमच्या धर्मात असं काही नाहीच.’ महाराजांना जातीबद्दल विचारलं की ते संतांचे अभंग म्हणतात. अभंग खरे आहेत. पण विचारणाऱ्याच्या आईला पाणवठ्यावर लांब उभं राहावं लागलेलं असतं. ‘संतांनी सांगितलं, आम्ही ऐकलं नाही, माझ्या गावात अमुक वर्षापर्यंत पंगत वेगळी बसायची, मी ती पाहिलीय,’ असं एका कीर्तनकारांनी उत्तर दिलं होतं. विचारणारा पोरगा खाली बसला आणि नंतर त्यांच्या शेजारी चहा घेताना दिसला.

कुठल्या तरी राज्यातली कालची बातमी काढून कोणी जाब विचारला तर तुम्ही वकील नाही. ‘निरपराध माणसाला मारणं माझ्या धर्मात पाप आहे, मग मारणारा कोणीही असो’ एवढं स्पष्ट बोला आणि पुढं जा. ‘पण’ जोडू नका. त्या ‘पण’चीच क्लिप फिरते.

माहीत नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणा, प्रश्न विचारणाऱ्याचा नंबर घ्या आणि खरंच सांगा.

> तपासा: सगळ्यात अवघड प्रश्न घरच्या एखाद्या तरुण पोराला तुम्हाला विचारायला सांगा. आवाज चढतोय का, ते तोच सांगेल.

८. चूक झालीच तर

चुकीचा शब्द गेला, आणि समोरच्या चेहऱ्यांवर तो दिसला, तर खाली उतरेपर्यंत थांबू नका. त्याच माइकवरून, त्याच मिनिटाला: ‘हे मी चुकीचं बोललो, शब्द मागं घेतो.’ ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ असली पोलीस स्टेशनची भाषा नको. संध्याकाळपर्यंत तेवढंच वाक्य कापून फिरायला लागलं तर मागं घेतल्याचं वाक्यही त्याच रेकॉर्डिंगमध्ये असावं. म्हणून आपलं संपूर्ण भाषण आपल्या माणसाकडून, आपल्या फोनवर रेकॉर्ड करून घ्या. मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं आणि गटांत तेढ लावणं यासाठी भारतीय न्याय संहितेत २९९ आणि १९६ ही कलमं आहेत, १ जुलै २०२४ पासून लागू. तुम्ही काही मुद्दाम करणार नाही, पण तुकडा कापणारा करू शकतो.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या वक्त्यांना फोन करा, प्रत्येकाचा एक मुद्दा नाव घेऊन सांगा. मंचावरच्या गळाभेटीचा फोटो पेपरला येतो, पण गावात काही झालं तर रात्री अकराला कामाला येतो तो हा नंबर.

लिहिलेला कागद फेकू नका. वर तारीख आणि गाव टाकून ठेवून द्या. पुढच्या वर्षी त्याच शांतता समितीत तीच माणसं पुढच्या रांगेत बसलेली असतात, आणि गाढवाची गोष्ट त्यांनी ऐकलेली असते.